सासूबाईंची कवळी

बारकीला सगळे बारकी म्हणायचे ते ती बहिणींत सगळ्यात धाकटी म्हणून. लग्न होऊन सासरी आली तरी ते नाव सुटलं नाही. आता दारातून आधी पोट आत यायचं आणि मागून ती, तरी लोक आपले बारकीच म्हणत होते.

ती कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा ठसा पाठवायचे. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या यायच्या. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक घासायचं यंत्र. तिथले मास्तर संध्याकाळी घरी निघायचे तेव्हा त्यांच्या भुवया पिठात बुडवल्यासारख्या दिसायच्या. बारकीचा हात हलका म्हणून पुढच्या दातांचं नाजूक काम ते तिच्याकडेच द्यायचे.

सासूबाईंची कवळीही तिनंच केली होती. साखरेच्या दुखण्यानं सासूबाईंचे दात एकेक करून गेले होते आणि त्या बोलताना तोंडावर पदर धरायच्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बारकीनं त्यांचा तरुणपणीचा फोटो शोधून काढला आणि त्यात बघून समोरचा एक दात किंचित तिरका बसवला, अगदी त्यांचा होता तसा. सासूबाईंनी आरशात बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग महिनाभर भेटेल त्याला हसून दाखवत राहिल्या. "सुनेनं दिलेत," म्हणायच्या. कारखान्यात बारकी सांगायची, "सासूला दात देणारी सून जगात मीच एकटी असेन." त्यावर मास्तर म्हणायचे, "जपून गं. पहिला चावा तुझाच घ्यायच्या."

घरात माणसं चार आणि चुलीवर पातेली तीन. सासऱ्यांची किडनी अधू. त्यांची भाजी उकळायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायची. मीठ नावाला, आणि दिवसाचं पाणी मापून. तहान लागली की ते चोरून बर्फाचा तुकडा तोंडात धरायचे आणि कुणी आलं की गाल फुगवून गप्प बसायचे. नवऱ्याला गहू चालत नव्हता. पावाचा चुरा पडलेल्या ताटलीत त्याला वाढलं तरी तो दोन दिवस पोट धरून बसायचा. आणि सासूबाईंची साखर. एकाला चालेल ते दुसऱ्याला विष. बारकी पहाटे उठून सगळं करायची, कुणाचा चमचा कुणाच्या पातेल्यात जाऊ द्यायची नाही, आणि मग कामावर जायची. तिला त्याचा त्रास वाटत नव्हता असं नाही, पण आपल्याला हे जमतं याची ऐट त्याहून जास्त होती.

मग तिला दिवस गेले. आणि पाचव्या महिन्यात तिलाही साखर निघाली. गरोदरपणात काहींना होते तशी, बाळंत झाल्यावर बहुधा जाणारी. पण तोवर सुई घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "सुई टोचली की लगेच जेवायचं. त्यात चालढकल नाही."

सुई कशी घ्यायची ते सासूबाईंनीच शिकवलं. पोटाची कातडी चिमटीत कशी धरायची, श्वास कधी सोडायचा. "घाबरू नकोस, बारके. मी रोज घेते की." बारकीला त्या दिवशी आपल्या आईची आठवण आली नाही, इतक्या मायेनं त्या बसल्या होत्या.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. त्यानं हौसेनं फोनवर गजर लावून घेतला. घरी असला आणि गजर वाजला की ओरडायचा, "बारके, जेव!" सगळे हसायचे. सासूबाईही हसायच्या. त्यांच्या त्या हसण्याकडे तेव्हा कुणी नीट बघितलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी नणंदेच्या सासरची मंडळी जेवायला येणार होती. नेमका त्याच सकाळी कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट अडकली आणि नवऱ्याला जावं लागलं. त्याच्याबरोबर त्याचा फोन गेला आणि फोनबरोबर गजर. पाहुणे निघाल्याचा निरोप आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सुई घेऊन टाक. पोचतीलच एवढ्यात. मग सगळ्यांबरोबर बसता येईल तुला."

बारकीनं सुई घेतली. पाहुणे आले. पण आले म्हणजे काही लगेच पानावर बसले नाहीत. गप्पा सुरू झाल्या. कुणाच्या गुडघ्याचं काय झालं, कुणी कुठे घर घेतलं. आधी बारकीची बोटं थरथरायला लागली. मग ओठ बधिर झाले. ती स्वयंपाकघरात गेली आणि टोपलीतला पावाचा एक तुकडा उचलला.

मागून सासूबाई आल्या. त्यांनी तो तुकडा तिच्या हातातून काढून घेतला आणि परत टोपलीत ठेवला.

"पाहुणे जेवायचे आहेत अजून. उभ्या उभ्या काय तोंड घालतेस?"

"आई, मी सुई घेतलीय. मला गरगरतंय."

"मला काय सांगतेस गरगरणं? मी काय आज बघतेय? काही होत नाही. जरा दम धर, आधी त्यांना वाढ."

बारकीनं दाताच्या कण्या केल्या. एक घास, फक्त एक घास. सासूबाईंनी कढत सुपाचं पातेलं तिच्या हातात दिलं आणि "चल," म्हणाल्या. दारापर्यंत ती गेली. पुढचं तिला आठवत नाही.

जाग आली ती दवाखान्यात. डावा हात कोपरापर्यंत भाजलेला, पट्टीत. दुसऱ्या हातात सलाईन. पोटावर पट्टे बांधलेले आणि शेजारी बाळाच्या ठोक्यांचं यंत्र. बाळ हलत नव्हतं. ठोके आहेत, पण थांबून बघू, असं नर्स म्हणाली आणि यंत्राकडे बघत उभी राहिली, आणि तिचं ते उभं राहणंच बारकीला सगळ्यात भीतीचं वाटलं.

डॉक्टरीणबाई आल्या. "काय हो, सुई घेऊन उपाशी राहिलात? जीव घ्यायचाय का पोराचा?"

बारकी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई बोलल्या. "ती खातच नाही हो, डॉक्टर. वजन वाढेल म्हणते. आम्ही सांगून सांगून थकलो." आणि तो किंचित तिरका दात दाखवून दुःखानं हसल्या.

बारकीला वाटलं आपण अजून बेशुद्धच आहोत. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो कामावरून तसाच धावत आलेला, हाताला वंगण. त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "तू पण ना, बारके. खायचं ना वेळेवर."

संध्याकाळ होत आली तेव्हा बाळानं एक लाथ मारली. हलकीच, झोपेतून कूस बदलल्यासारखी. नर्स हसली, नवरा रडला. बारकी रडली नाही. छताकडे बघत तिनं मनाशी ठरवलं, की ही बाई याची भरपाई करेल. कशी ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. पण सासूबाईंना गरगरणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. नकळत झालं असतं तर तिनं सोडून दिलं असतं. कळून झालं होतं.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला एकदाच सांगितलं. शांतपणे, सगळं, पावाच्या तुकड्यासकट. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "अगं, आई असं कसं करेल? तिला स्वतःला साखर आहे. तिला कळत नाही का? तू शुद्धीवर नव्हतीस, तुला नीट आठवत नसेल." बारकी कुशीवर वळली. सासूबाईंच्या अंगावर कुठला डाग लागायचा तर तो याच एका गोष्टीनं, आणि नवरा त्याच गोष्टीनं त्यांना धुऊन काढत होता.

पुढे सासूबाई फार गोड वागायला लागल्या. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर बारकीच्या हातात पेला द्यायच्या आणि वर सांगायच्या, "हल्लीच्या मुली! वजनाच्या नादापायी पोटातल्या जिवाचा विचार नाही." शेजारणी बारकीकडे बघून मान हलवायच्या. बारकी पेला रिकामा करायची आणि गप्प बसायची. तिनं दात धरला होता, आणि दात किती वेळ धरायचा हे तिच्याइतकं कुणाला कळणार.

संधी आली ती वाटीतून. एके सकाळी सासूबाई कवळी पाण्याच्या वाटीत घेऊन आल्या आणि बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "बारके, हे बघ गं. मागची दाढ हलतेय."

बारकीनं वाटी घेतली. कारखान्यात जाऊन दाढ काढली, साफ केली, पक्की बसवली. एवढ्यावर काम झालं होतं. मास्तर पलीकडे पाठ करून साचे फोडत होते. बारकीनं कवळी हातात धरून बराच वेळ बघितली. मग ती दाढ पुन्हा उचकटली आणि बसवली, या वेळी केसभर उंच. आणि आतल्या बाजूला, जिथे कवळी हिरडीवर टेकते तिथे, मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक उंचवटा ठेवला. वरून इतका गुळगुळीत केला की बोट फिरवलं तर लागू नये. तोंड मिटून बसलं तर काहीच जाणवणार नाही. घास चावला की मात्र सगळा जोर त्या एका ठिकाणी.

"झालं का सासूबाईंचं?" मास्तर म्हणाले.

"झालं," बारकी म्हणाली.

पहिल्या दिवशी सासूबाई जेवताना मध्येच थांबल्या आणि गालाला हात लावला. दुसऱ्या दिवशी एका बाजूनं चावायला लागल्या. "टोचतंय गं कुठेतरी," म्हणाल्या.

"दुरुस्त केलेली कवळी बसायला वेळ लागतो, आई. घालून ठेवा. काढलीत तर हिरड्या आक्रसतील, मग मुळीच बसायची नाही."

आणि स्वयंपाक? स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली असती तर ती डॉक्टरांचा कागदच पुढे करणार होती. साखरेच्या माणसाला कच्ची गाजरं चांगली. कडक सालीचं सफरचंद चांगलं. जाडसर कोंड्याचा पाव, कडेला चांगला भाजलेला, फारच चांगला. पूर्वी ती सासूबाईंची भाजी मऊ शिजवायची. आता नवऱ्यानं कुठेतरी वाचलं होतं की कमी शिजवलं की जीवनसत्त्वं राहतात, म्हणून ती कमी शिजवायची. सासूबाई घास तोंडात फिरवत बसायच्या, डोळ्यांत पाणी यायचं आणि मग ताटली बाजूला सारायच्या. चारचौघांत कवळी काढणं त्यांच्या जिवावर यायचं. तिरक्या दाताचा तो तोरा त्यांना सोडवत नव्हता.

बारकी समोर बसून आपलं ताट चाटूनपुसून संपवायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिला जेवण जितकं गोड लागलं तितकं कधीच लागलं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर सासूबाईंचा तो गालाला लावलेला हात आठवून ती उशीत तोंड घालून हसायची, आणि पोटातलं मूलही हलायचं.

सासूबाई वाळायला लागल्या. नवऱ्यानं विचारलं, "आईचं काय चाललंय? ताट तसंच का?"

बारकीनं सुस्कारा सोडला. "त्या खातच नाहीत रे. मी सांगून सांगून थकले."

तो आईकडे गेला. दाराआडून बारकीला नीट ऐकू आलं, "तू पण ना, आई. खायचं ना वेळेवर." हातातली परात तिनं अलगद खाली ठेवली, कारण हसू आवरेना.

सासूबाईंनी त्या दिवशी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

मग ती दुपार आली. सासरे रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात गेले होते, त्यांना घेऊन नवराच गेला होता. बारकीनं आता काम सोडून घरी राहावं असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, म्हणून घरात दोघीच. सासूबाईंनी सुई घेतली, ताटावर बसल्या, पावाचा तुकडा मोडला, एक घास चावला, दुसरा चावला, आणि ताटली सारून खाटेवर जाऊन पडल्या.

बारकी भांडी आवरून बाहेर आली तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. कपाळ घामानं डबडबलेलं. हात मांडीवर थरथरत होते, आणि त्या आपल्याच बोटांकडे परक्याची असावीत तशा बघत होत्या.

"साखर," त्या म्हणाल्या. "बारके. साखर दे."

बारकी आत गेली. साखरेचा डबा घेतला. परत आली, आणि डबा मांडीवर घेऊन त्यांच्या समोर खुर्चीवर बसली.

"देते. आधी सांगा. माझ्या हातातला पाव कुणी काढून घेतला?"

"काय बोलतेस... दे ना."

"कुणी काढून घेतला?"

सासूबाईंचे ओठ हलले. "मी."

"मी सुई घेतलीय हे तुम्हाला माहीत होतं का नव्हतं?"

"होतं. दे गं."

"मग डॉक्टरांना काय सांगितलंत?"

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या पण नजर तिच्यावर ठरत नव्हती. "त्या पातेल्यात..." असं काहीतरी त्या पुटपुटल्या, आणि भिंतीवरून घसरत आडव्या झाल्या. 

बारकीला वाटलं होतं की आणखी वेळ आहे. तिला अजून पुष्कळ विचारायचं होतं. ती खुर्चीतून उठायला गेली, तर पोटामुळे पटकन उठता येईना, डबा सांडला. सांडलेली साखर मुठीत घेऊन ती खाटेशी गुडघ्यांवर बसली. "आई! ओ आई! तोंड उघडा!" जबडा आवळलेला. कवळी सुटून घशात गेली तर संपलं. तिनं गालाच्या कडेनं बोट आत घातलं, तिनंच केलेले दात तिच्या बोटाला लागले, आणि तशीच खेचून तिनं कवळी बाहेर काढली. मग बोटावर साखर घेऊन हिरड्यांवर चोळायला लागली.

तेव्हा तिला ते दिसलं. मागच्या हिरडीवर पांढरा पडलेला, कडा लाल सुजलेल्या, खोल गेलेला घाव. तिनं ठेवलेल्या दाण्याच्या आकाराचा नव्हता तो, कितीतरी मोठा झाला होता. त्यावर साखर लागली तशा बेशुद्धीतही सासूबाई कळवळल्या.

"गिळा," बारकी म्हणत होती. "गिळा ना. गिळा हो आई." पोटात मूल लाथा मारत होतं, जणू त्यालाही गुदमरल्यासारखं होत होतं. ती चोळत राहिली. किती वेळ ते तिला कळलं नाही. मग सासूबाईंनी जीभ हलवली. मग गिळलं. मग पाण्यात कालवलेली साखर घोट घोट करून आत गेली, आणि डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत सासूबाई परत आल्या.

बारकी जमिनीवरच बसून होती. शेवटी सासूबाई दातांशिवायच्या आवाजात म्हणाल्या, "तू बघत बसली होतीस."

"हो."

"आणि कवळीत काहीतरी केलंस."

"हो."

सासूबाईंनी मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं. मग म्हणाल्या, "तू पडशील असं वाटलं नव्हतं मला. जरा गरगरू दे, असं वाटलं होतं."

"का पण?"

"मला इतकी वर्षं साखर आहे. माझ्यासाठी कधी कुणी गजर लावला? तो पोरगा. माझा. 'बारके जेव, बारके जेव.' आणि मी त्याच टेबलाशी सुई टोचून बसलेली, माझ्याकडे बघतही नव्हता."

बारकीनं ऐकलं. तिला दया यायला हवी होती, निदान थोडी. आली ती, पण रागाच्या खालून आली, आणि राग वर तसाच राहिला. "म्हणून माझं पोर मारायला निघालात?"

"नाही गं."

"मग दवाखान्यात खोटं का बोललात?"

"घाबरले," सासूबाई म्हणाल्या. माफी मागितली नाही. बारकीनंही मागितली नाही.

संध्याकाळी नवरा सासऱ्यांना घेऊन आला. फरशीवर साखर, आई बोळक्या तोंडानं खाटेवर, बायको भिंतीला टेकलेली. "काय झालं?" तो ओरडला.

बारकीनं तोंड उघडलं, पण सासूबाई आधी बोलल्या. "माझी साखर उतरली. हिनं वाचवलं." मग थोडं थांबून, कुणीतरी आतून ढकलल्यासारखं, "आणि त्या दिवशी हिच्या हातातला पाव मी काढून घेतला होता. ही खात नाही म्हणून मी जे सांगितलं ते खोटं."

नवरा उभाच राहिला. सासरे खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मी बघितलं होतं." सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "बर्फ घ्यायला आलो होतो. दारातून बघितलं."

"बाबा, मग तुम्ही बोलला का नाही?"

सासरे चपलेकडे बघत राहिले. नवरा बारकीकडे वळला. "आणि तू? तू तरी मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं," बारकी म्हणाली.

एवढेच शब्द. कवळीत ठेवलेला तो दाणा, सासूबाईंचं ते वाळत जाणं, त्या सगळ्यातूनही जे मिळालं नव्हतं ते बारकीला त्या क्षणी मिळालं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिनं शेवटपर्यंत बघितला, नजर काढली नाही. मग म्हणाली, "उद्यापासून स्वयंपाक तू कर. तिन्ही पातेली. माझं चौथं."

त्यानं केला. पहिल्या आठवड्यात बापाच्या भाजीत मीठ पडलं आणि स्वतःच्या ताटात पावाचा चुरा, आणि दोन दिवस पोट धरून बसला. बारकी खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि काय चुकलं ते सांगायची नाही. मग हळूहळू त्याला जमायला लागलं.

कवळीची गोष्ट सासूबाईंनी कुणालाच सांगितली नाही. बारकीनं ती कारखान्यात नेऊन घासून नीट करून आणली, वाटीत घालून त्यांच्यासमोर ठेवली. सासूबाईंनी वाटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "राहू दे." त्यांनी दुसरीकडून नवी करून घेतली. ती ढिली होती, बोलताना खटखट वाजायची, आणि समोरचे दात सगळे एका ओळीत, शिपायांसारखे. घरात ती खटखट ऐकली की बारकीला ओशाळल्यासारखं व्हायचं, आणि कधी कधी बरंही वाटायचं.

पुढच्या तपासणीला सासूबाई न बोलावता बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मागं मी सांगितलं होतं ना, ही खात नाही, वजन वाढेल म्हणून? ते खोटं होतं. मीच खाऊ दिलं नव्हतं."

याच वाक्यासाठी ती इतके दिवस दातओठ खात होती. डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासणीच्या कागदावरून नजर वर केली. "कधीचं हो? बरं, बरं. आता साखर छान आहे. असंच चालू ठेवा." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर आल्यावर बारकीला खूप राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. सासूबाई पिशवीतून डबा काढून बाकावर बसल्या होत्या. बारकी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिनं स्वतःचा डबा आणला होता.

मुलगी झाली. धडधाकट, मोठ्या आवाजाची. साखर बाळंतपणानंतर गेली. दुसऱ्या दिवशी सासूबाई दवाखान्यात आल्या आणि पाळण्याशी उभ्या राहून हात पुढे केले.

"आधी हात धुवून या," बारकी म्हणाली.

त्या धुवून आल्या.

"साबणानं धुतलेत का?"

त्या पुन्हा गेल्या. नवरा काहीतरी बोलणार होता, बारकीनं त्याच्याकडे बघितलं तसा तो खिडकीबाहेर बघायला लागला. सासूबाई परत आल्या. कोपरापर्यंत ओल्या, पदर भिजलेला. त्यांनी दोन्ही हात उलटे सुलटे करून दाखवले.

बारकीनं ते हात नीट बघितले. नखं बघितली. पोरगी रडायला लागली होती. मग तिनं तिला उचललं, आणि दिली.